खान्देशच्या उन्हात समुद्री शिकारी

ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, अरोवाना असे गोड्या पाण्यातले मासे पाळून झाले की हौशी माणसाचं लक्ष खाऱ्या पाण्याकडे वळतं. जळगाव, भुसावळ, धुळे या भागातही आता लायनफिश किंवा ट्रिगरफिश पाळायची इच्छा असलेले लोक भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मासा एक फुटाचा होणार असेल तर टाकी किती फुटांची लागेल? माझ्या मते हिशेब माशाच्या लांबीपासून सुरू करू नये. तो माशाच्या ताटापासून सुरू करावा.

शंभर ग्रॅम सोललेली कोळंबी घ्या. तिच्यात साधारण वीस ग्रॅम प्रथिनं असतात आणि प्रथिनांच्या वजनाचा सुमारे १६ टक्के भाग नायट्रोजनचा, म्हणजे तीन ग्रॅमच्या आसपास. मासा त्यातला थोडा अंगाला लावतो. निम्म्याहून अधिक नायट्रोजन कल्ल्यांवाटे अमोनिया म्हणून परत पाण्यात सोडतो. दोन ग्रॅम सोडला असं धरा. दोनशे लिटरच्या टाकीत तो लिटरमागे दहा मिलिग्रॅम झाला, तर सतराशे लिटरच्या टाकीत जेमतेम सव्वा. खाणं तेच आणि मासाही तोच, पण पहिल्या टाकीत तो दुसऱ्या दिवशी तळाशी पडलेला दिसेल. शिवाय समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ च्या आसपास असतो. अमोनियाचं विषारी रूप आणि त्यामानाने निरुपद्रवी असं अमोनियम यांचं प्रमाण पीएचवर ठरतं. पीएच ७ वरून ८ वर गेला की विषारी वाटा जवळपास दहापट होतो. गोड्या पाण्यात खपून गेलेली निष्काळजी इथे खपत नाही, त्याचं हे कारण.

हा अमोनिया पचवणारे जिवाणू आधी वसवावे लागतात. एक गट अमोनियाचा नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचा नायट्रेट. माशाशिवाय टाकी चालू करायची, कोळंबीचा एखादा तुकडा कुजू द्यायचा आणि टेस्ट किटने रोज मोजत राहायचं. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरताना नायट्राइट चढतो. दोन्ही शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर एकही मासा आणायचा नाही. शेवटी उरणारा नायट्रेट पाणी बदलून काढायचा. त्याआधीच बरीचशी घाण बाहेर काढणारं यंत्र म्हणजे प्रोटीन स्किमर. खाऱ्या पाण्यात हवेचे बुडबुडे अगदी बारीक राहतात, विरघळलेली प्रथिनं त्यांच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि वरच्या पेल्यात चहाच्या रंगाचा दुर्गंधी फेस साचतो. मांस खाणाऱ्या माशांच्या टाकीचा स्किमर दुकानदार सांगेल त्यापेक्षा एक आकार मोठाच घ्यावा.

वर सतराशे लिटर म्हटलं ते आठ फूट लांब, तीन फूट रुंद आणि अडीच फूट उंच टाकीचं माप आहे. नुसतं पाणीच पावणेदोन टन भरतं. काच, स्टँड, दगड धरले की दोन टनांच्या पुढे. आपल्याकडे घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून बांधतात. ही टाकी त्याच्या चौपटीहून जास्त भार टाकते, म्हणून जागा तळमजल्यावरचीच हवी. समोरच्या मोठ्या काचेवर पाण्याचा एकूण रेटा सुमारे सातशे किलो वजनाएवढा पडतो. तो पाण्याच्या उंचीमुळे वाढतो, रुंदीमुळे अजिबात वाढत नाही. म्हणून उंची आवरून रुंदी वाढवणं काचेच्या सोयीचं, आणि वळायला जागा लागणाऱ्या माशाच्याही.

आता पाणी. केळीपट्ट्यातल्या बोअरचं पाणी जड असतं आणि त्यात खतांचा नायट्रेट उतरलेला असू शकतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन. त्यामुळे आरओचंच पाणी घ्यायचं आणि त्यात मत्स्यालयासाठी बनवलेलं समुद्री मीठ लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबाने विरघळवायचं. पहिल्या भरणीलाच साठ किलो मीठ लागतं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. समुद्रात विरघळलेल्या क्षारांपैकी सोडियम आणि क्लोराइड सुमारे ८५ टक्के आहेत, पण उरलेल्या पंधरा टक्क्यांतल्या मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि सल्फेटवाचून मासा जगत नाही. सुरतेजवळ डुमसला जाऊन समुद्राचं पाणीच आणावं असं काहींना वाटतं. तिथे आपलीच तापी समुद्राला मिळते. पाणी गढूळ असतं आणि त्यात किती गोडं पाणी मिसळलंय ते भरती-ओहोटीवर आणि पावसावर ठरतं. हा खटाटोप करू नये.

घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. पारोळा, अमळनेर, चाळीसगावकडे टँकर फिरत असतील अशा वर्षी ही टाकी भरायला घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. एरवीही ते बाहेर पडणारं पाणी साठवून फरशी-भांड्यांना वापरावं.

हे मासे २४ ते २७ अंश तापमानात राहणारे, आणि भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशी ओलांडतो. ऐकणारा इथेच कपाळाला हात लावतो. पण खान्देशचा मे वाटतो तितका वाईट नाही, आणि याचं कारण घरोघरी खिडकीत बसवलेल्या कूलरमध्ये आहे. पाण्याची वाफ होताना ती उरलेल्या पाण्यातून उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी उडालं की सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता जाते. सतराशे लिटरच्या टाकीतून तीन लिटर पाणी उडालं, तर अख्खी टाकी जवळपास एक अंशाने उतरते. म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा घालणारे साधे पंखे बरंच काम करतात, हवा कोरडी असेपर्यंत.

हे स्वतः पाहता येतं. थर्मामीटरच्या टोकाला ओलं मलमल गुंडाळा आणि तो पंख्यासमोर धरा. पारा जिथे थांबेल, त्याच्या खाली कुठलाही पंखा टाकीला नेऊ शकत नाही. बाहेर ४३ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल, तर हा आकडा २३ च्या जवळ येतो. जुलैत बाहेर ३२ अंशच असतात, पण आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की तोच आकडा २९ वर अडकतो. लोकांना गार वाटणारा पावसाळा या टाकीला उन्हाळ्यापेक्षा कठीण जातो. चिलर किंवा खोलीचा एसी लागतो तो खरा तेव्हा. हिवाळ्यात इथल्या रात्री दहा अंशांपर्यंत खाली येतात, म्हणून हीटरही हवाच.

पंख्याने पाणी उडतं, मीठ मात्र टाकीतच राहतं. रोजची भर नुसत्या आरओच्या पाण्याने घालायची. मिठाचं पाणी ओतत राहिलात तर पंधरा दिवसांत खारटपणा वाढून कुठल्या कुठे जाईल.

मला मे महिन्याची भीती वाटते ती विजेमुळे. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तेवढ्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.८, आणि पाणी ३२ अंशांवर गेलं की सहाच्या आसपास. पाणी तापतं तशी माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढत जाते. अशा दुपारी वीज गेली आणि पंप थांबला, तर सगळ्यात मोठा मासा सगळ्यात आधी धापा टाकतो. इनव्हर्टरवर आधी पाणी फिरवणारा पंप आणि हवेचा पंप घ्या, दिवे नंतर. बंद डब्यातला फिल्टर बराच वेळ थांबलेला असेल, तर त्यातलं पाणी फेकून मगच तो चालू करावा. आतले जिवाणूही प्राणवायूवरच जगतात आणि ते गुदमरले की साचलेलं विष एकदम टाकीत येतं.

आता माशांकडे वळू. शिकारी मासा आणि भांडखोर मासा हे दोन वेगळे स्वभाव आहेत. ते ओळखले नाहीत की पैसे आणि मासे दोन्ही जातात. लायनफिश पक्का शिकारी आहे. पिसाऱ्यासारखे पर पसरून तो लहान माशाला कोपऱ्यात घेतो, तोंडातून पाण्याची बारीक पिचकारी त्याच्यावर सोडतो, आणि मासा त्या दिशेला वळला की झटक्यात गिळतो. पण तोंडात न मावणाऱ्या शेजाऱ्याला तो त्रास देत नाही. ट्रिगरफिशचं उलट. त्याला पोटभर खायला घाला, तरी तो आपली हद्द राखण्यासाठी चावतो, लायनफिशच्या परांचे तुकडे करतो, दगड उचलून हलवतो आणि वायरी कुरतडतो. हीटर टाकीखालच्या संपमध्ये, म्हणजे पाणी गाळायच्या वेगळ्या टाकीत, ठेवायचा तो याच्यासाठी. घाबरला की तो फटीत शिरून पाठीचा पहिला काटा ताठ उभा करतो. मागचा लहान काटा उभा राहून त्याला अडकवतो, आणि मग ओढूनही मासा फटीतून निघत नाही. या दोघांना एका टाकीत ठेवू नये, टाकी कितीही मोठी असली तरी.

मोरे ईल या सापासारख्या लांब माशाला मात्र मी आवर्जून जागा देईन. तिची नजर अधू, वास घेण्याची शक्ती तीव्र. लांब चिमट्यात माकूळचा (स्क्विडचा) तुकडा धरून पाण्यात सोडला की आधी पाइपातून नुसतं नाक बाहेर येतं, डोकं हवेत चाचपडल्यासारखं डावीउजवीकडे डोलतं, आणि मग तुकडा गायब होतो. बहुतेक मासे तोंड एकदम उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतात. अरुंद बिळात तोंड तेवढं फाकवता येत नाही. मग मोरे ईल करते काय? तिच्या घशात दातांचा दुसरा जबडा असतो. तो पुढे झेपावतो, भक्ष्याला पकडतो आणि आत खेचतो. रीटा मेहता आणि पीटर वेनराइट यांनी २००७ साली हे दाखवून दिलं. तांबड्या समुद्रात हेकरूच्या (ग्रूपरच्या) कुळातले मासे डोकं हलवून मोरे ईलला शिकारीला बोलावतात, अशीही नोंद २००६ मध्ये झाली. एक उघड्यावर पाठलाग करतो, दुसरी फटींत शिरते. टाकीचं झाकण मात्र घट्ट आणि जड हवं. बोटभर फट मिळाली तरी ईल बाहेर पडते.

जिवंत गोल्डफिश किंवा गप्पी टाकून तमाशा बघायची सवय वाईट. गोल्डफिशमध्ये बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं, आणि गोड्या पाण्यातल्या माशांची चरबी या माशांना सोसत नाही. गोठवलेली कोळंबी, माकूळ, तिसऱ्या (शिंपल्या) आलटून-पालटून द्याव्यात. मोठ्या लायनफिशला आणि ईलला आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं.

लायनफिशच्या पाठीच्या काट्यांत विष असतं. ते प्रथिनांचं आहे आणि उष्णतेने मोडतं, म्हणून काटा लागला तर सोसेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. आपल्याकडचे डॉक्टर विंचूदंश रोज बघतात, हा काटा त्यांनी पाहिलेला नसतो. घरी हा मासा आणण्यापूर्वीच जवळच्या डॉक्टरांना सांगून ठेवावं.

टाकीत दगड लागतील ते कोरडे किंवा सिरॅमिकचे घ्या. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कुणी आपल्या समुद्रातून काढलेला प्रवाळ लागलेला दगड स्वस्तात देऊ करत असेल तर हात लावू नका.

आठ फुटांच्या या टाकीत मी दोन लायनफिश आणि एक ठिपक्यांची स्नोफ्लेक ईल ठेवेन, आणि तेवढ्यावर थांबेन. दुकानात तीन इंचांचा दिसणारा क्लाउन ट्रिगर पुढे अर्ध्या मीटरचा होतो आणि त्याला टाकीभर एकट्याचं राज्य लागतं. तो हवाच असेल तर टाकी त्याच्या एकट्याच्या नावावर करावी. वाढलेला मासा कुठे द्यायचा हे तो आणण्याआधी ठरवून ठेवा. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८५ मध्ये पहिला लायनफिश दिसला, बहुधा कुणीतरी टाकीतून सोडलेला. आज अटलांटिकच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि कॅरिबियनमध्ये तो सगळीकडे पसरलाय आणि तिथले लहान मासे फस्त करतोय.