घरच्या बिअरला सोड्याचा केग कसा मिळाला

अमेरिकेत घरी बिअर बनवणाऱ्या माणसाच्या गॅरेजमध्ये बहुधा एक जादा फ्रिज असतो आणि त्यात स्टीलची एक-दोन उंच, सडपातळ पिंपं उभी असतात. प्रत्येक पिंप साधारण १९ लिटरचं, म्हणजे तिथल्या मापाने ५ गॅलनचं, वरखाली काळ्या रबराचं कडं. पिंप जुनं असेल तर अंगावर पेप्सीचं किंवा कोका-कोलाचं नाव अजून वाचता येतं. ते त्याचं माहेर. ज्याला हे लोक ‘कॉर्नी केग’ म्हणतात ते भांडं बिअरसाठी बनलेलंच नव्हतं. सोड्याच्या धंद्याने ते भंगारात काढलं आणि बिअरवाल्यांनी उचललं.

तसं पाहिलं तर सोड्याने जुनं देणंच फेडलं. १७६७ साली जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक इंग्लंडमधल्या लीड्सला राहायला आला, तेव्हा त्याच्या शेजारीच बिअरची भट्टी होती. बिअर आंबत असताना हौदाच्या तोंडाशी एका जड वायूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, थर साचतो आणि त्यात जळती काडी नेली की विझते, हे त्याने पाहिलं. मग त्या थरात हात घालून तो पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत बसला, आपण गरम चहा निववतो तसं. पाण्याला किंचित आंबूस, जिभेला चुरचुरणारी चव आली. पुढे खडू आणि आम्लापासून तोच वायू काढून पाण्यात कसा मुरवायचा याची पुस्तिका त्याने १७७२ साली छापली. त्याने स्वतः त्यातून पैसा केला नाही. तो केला याकोब श्वेप या घड्याळजीने, १७८३ साली जिनिव्हात. श्वेप्स हे नाव तेव्हापासूनचं.

दुसरं नाव मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीचं. तापमान तेच ठेवलं तर द्रवात विरघळणारा वायू दाबाच्या प्रमाणात वाढतो, हा नियम त्याने १८०३ साली मांडला. शाळेत आपण तो पाठ केला आणि विसरलो. पण हेन्रीच्या वडिलांचा सोडावॉटर बनवण्याचा धंदा होता हे कुणी शिकवलं असतं, तर कदाचित लक्षात राहिला असता. आजही केगवर रेग्युलेटर लावून दाबाचा काटा १२ पीएसआयवर, म्हणजे चौरस इंचाला १२ पौंडांवर, आणणारा माणूस याच एका वाक्याच्या जिवावर बिअर पितो. १८२३ साली मायकेल फॅरेडेने कार्बन डायऑक्साइड दाबाखाली द्रवरूप करून दाखवला. त्यानंतर हा वायू सिलिंडरमध्ये भरून विकता येईल एवढी यंत्रं तयार व्हायला आणखी बरीच दशकं गेली.

आता केगच्या झाकणाकडे जरा जवळून बघू, कारण सगळी करामत तिथे आहे. झाकण लंबगोल असतं आणि तोंडही लंबगोल. झाकण तिरकं करून आत सोडायचं, फिरवायचं आणि आतून वर ओढून घ्यायचं. ज्याच्या घरी हॉकिन्सचा कुकर आहे त्याला हे शिकवावं लागत नाही. कुकरमध्ये वाफ झाकणाला आतून दाबून धरते, इथे वायू. दाब जितका जास्त तितकं झाकण घट्ट. उघडण्याआधी शिट्टी काढून वाफ सोडावी, तशी इथेही झाकणावरची छोटी कडी ओढून हवा सोडावी लागते. आपल्याकडच्या गोटी सोड्याच्या बाटलीचं तत्त्वही हेच. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली तिचं पेटंट घेतलं. आतला वायूच गोटीला रबरी कड्यावर दाबून बसवतो आणि बूच लागतच नाही. इंग्लंडमधून ती बाटली कधीच गेली, आपल्या गाड्यांवर राहिली.

केगचं नाव पडलं ते मिनेसोटातल्या कॉर्नेलियस कंपनीवरून. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी हवेचे कॉम्प्रेसर बनवणारी ही कंपनी युद्धानंतर शीतपेयांच्या यंत्रांकडे वळली. त्या काळी हॉटेलात, सिनेमा थिएटरात, जत्रेत कोला पोचायचा तो अशा स्टीलच्या पिंपांतून. कधी नुसता पाक, जो तिथल्या यंत्रात सोड्याशी मिसळायचा, तर कधी तयार फसफसतं पेय. पिंप रिकामं झालं की परत जायचं, धुऊन पुन्हा भरायचं. १३० पीएसआयपर्यंतचा दाब सोसेल असं ते बांधलेलं होतं. घरगुती बिअरला त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा दाब पुरतो.

पिंपाच्या डोक्यावर दोन तोट्या असतात, एक वायू आत जायला आणि एक पेय बाहेर यायला. इथे दोन कोला कंपन्यांची भाऊबंदकी दिसते. पेप्सीवाल्यांच्या तोट्या ‘बॉल लॉक’, कोका-कोलाच्या ‘पिन लॉक’. पिन लॉकमध्ये वायूच्या तोटीला दोन खिळे आणि पेयाच्या तोटीला तीन, म्हणजे घाईत उलटसुलट जोडणी होऊ नये. एकाची जोडणी दुसऱ्याला बसत नाही. पिन लॉकचं पिंप थोडं बुटकं नि जाडं, बॉल लॉकचं उंच नि बारीक. या जुन्या भांडणाचा भुर्दंड घरगुती बिअरवाले अजून भरतात. एक पिंप या जातीचं नि दुसरं त्या जातीचं घेतलं की दोन प्रकारचे जोड विकत घ्यावे लागतात.

मग पिंपांवर संक्रांत आली ती पुठ्ठ्याच्या खोक्यामुळे. विल्यम शोल याने १९५५ साली खोक्यातली प्लास्टिकची पिशवी शोधली होती, तीही बॅटरीच्या आम्लासाठी. १९८०च्या दशकात कोलाचा पाक तशाच पिशव्यांतून जाऊ लागला. परत आणणं नको, धुणं नको, ठेव रक्कम नको. स्टीलची पिंपं गोदामांत साचली आणि भंगाराच्या भावाने बाहेर पडली.

नेमकं त्याच सुमाराला त्यांना गिऱ्हाईक तयार झालं होतं. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली तेव्हा घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअरला मात्र नाही. हे पंचेचाळीस वर्षं तसंच राहिलं. सिनेटर अ‍ॅलन क्रॅन्स्टन यांच्या दुरुस्तीसह एक विधेयक १९७८ साली मंजूर झालं, ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९पासून घरगुती बिअर केंद्राच्या कायद्याने मोकळी झाली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २००. राज्यांचे कायदे वेगळे होते. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्यं २०१३ साली वळली. तेव्हाच्या भंगारावर काय काय उभं राहिलं याचं मोठं उदाहरण म्हणजे केन ग्रॉसमन. कॅलिफोर्नियातल्या चिको गावात घरगुती बिअरच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या या माणसाने दुग्धालयाच्या जुन्या टाक्या आणि शीतपेयाची जुनी बाटलीयंत्रं जमवून सिएरा नेवाडा ब्रूअरी उभारली.

पण साध्या हौशी माणसाला पिंप का हवंहवंसं वाटलं? बाटल्यांना वैतागून. एका घाण्यात ५ गॅलन बिअर निघते, म्हणजे ३५५ मिलिलिटरच्या ५३ बाटल्या. त्या जमवा, लेबलं खरवडा, धुवा, भरा, बुचं ठोका. फेस यावा म्हणून भरताना थोडी साखर घालायची. उरलेलं यीस्ट ती खातं आणि बंद बाटलीत वायू तयार होतो. तळाशी गाळ राहतो तो वेगळाच. साखर हाताने जास्त पडली किंवा आंबणं अर्धवट असताना बाटली भरली, तर रात्री कपाटात स्फोट. पिंपात यातलं काही नाही. धुवायचं भांडं एकच, आणि वायू बाहेरच्या सिलिंडरमधून.

ब्रिटनची गोष्ट जरा उलटी आहे. तिथे घरी बिअर करायला लागणारा परवाना १९६३ साली अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला आणि घरोघरी प्लास्टिकची पिंपं आली, छोट्या कार्ट्रिजमधून चिमूटभर वायू घेणारी. स्टीलच्या केगबद्दल मात्र तिथे अढी होती. मोठ्या कंपन्यांनी गाळलेली, पाश्चराइज केलेली, वरून वायू भरलेली बिअर पबमध्ये आणली म्हणून १९७१ साली चार मित्रांनी आयर्लंडमधल्या एका बारमध्ये बसून ‘काम्रा’ ही चळवळ सुरू केली. तिच्या लोकांत ‘केग’ हा शब्द पुढे बराच काळ शिवीसारखा होता. त्याच काळात अटलांटिकपलीकडचे हौशी लोक केगसाठी भंगारवाल्यांचे उंबरठे झिजवत होते.

वायू मुरवण्याचं गणित ‘व्हॉल्यूम’मध्ये होतं. एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर वायू मुरला असेल तर अडीच व्हॉल्यूम. इंग्लंडची ‘एल’ जातीची बिअर दीड-दोनवर भागते, जर्मन गव्हाची बिअर तीनच्या वर जाते. बिअर ३-४ अंश सेल्सिअसला ठेवून १२ पीएसआय दाब लावला की आठवडाभरात सुमारे अडीच व्हॉल्यूम मुरतात. हीच बिअर २५ अंशांवर असेल तर ३०च्या वर दाब लागतो, कारण गार द्रवात वायू जास्त विरघळतो. म्हणून तो जादा फ्रिज. घाई असलेले लोक ३०वर काटा ठेवून पिंप मांडीवर घेऊन हलवतात. माझ्या मते हा आततायीपणा आहे. दहातल्या तीन वेळा फेसच फेस होतो आणि मग आठवडा तसाही जातोच. नळीही बेताची हवी, आतून ५ मिलिमीटर रुंद आणि साधारण ३ मीटर लांब. आखूड नळीतून ग्लासात नुसता फेस पडतो आणि दोष बिअरला मिळतो.

मी पहिलं पिंप जुनंच घेतलं. उघडलं तर आयोडेक्सचा वास. आत आधी रूट बिअर नावाचं अमेरिकन शीतपेय असायचं. ते ज्याने चाखलंय त्याला कळेल. तीनदा गरम पाण्याने आणि धुण्याच्या सोड्याने धुतलं, वास जाईना. तो स्टीलमध्ये नव्हताच, रबराच्या रिंगांमध्ये होता. झाकणाची एक मोठी, दोन तोट्यांच्या दोन आणि आतल्या दोन नळ्यांच्या दोन अशा पाच रिंगा बदलल्या तेव्हा कुठे सुटलो. पुढच्याच आठवड्यात सिलिंडर रातोरात रिकामा. त्यावरच्या काट्याचा उपयोग नसतो. आत द्रव शिल्लक असेपर्यंत तो ८०० पीएसआयच्या आसपासच उभा राहतो आणि द्रव संपला की एकदम पडतो. किती उरलंय हे वजनावरूनच कळतं, घरचा गॅस हलवून बघतात तसं. आईला फोनवर म्हटलं, गॅस कुठून तरी गळतोय. ती म्हणाली, साबणाचा फेस लाव, बुडबुडे येतील तिथे बघ. कसला गॅस ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. गळती झाकणाच्याच रिंगेत निघाली.

महाराष्ट्रात हे करता येत नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे, घरच्यापुरती असली तरी. त्यामुळे मराठी माणसाचा हा छंद बहुतेक परदेशातल्या गॅरेजांतच दिसतो.

जुन्या पिंपांचा साठा पुढे आटत गेला. आता नवी बनतात, बरीचशी चीनमध्ये, खास घरगुती बिअरवाल्यांसाठी. लहानही मिळतात, ४ लिटरचीसुद्धा, बोटाएवढ्या कार्ट्रिजवर चालणारी. तोट्या मात्र जवळजवळ सगळ्यांना बॉल लॉकच्या, पेप्सीच्या काळातल्या मापाच्या. साध्या कोलाच्या प्लास्टिक बाटलीवर घट्ट बसणारं, वर बॉल लॉकची तोटी असलेलं एक टोपणही मिळतं. बाटलीत काहीही भरा, टोपण लावा, वायू सोडा आणि हलवा. आमच्याकडे गणपतीत पाहुणे येतात तेव्हा मोठ्या पिंपातली बिअर आधी संपवून ते धुऊन ठेवतो आणि त्यात कोकम सरबत भरतो. १२ पीएसआयवर चार दिवस. रिंगा त्याच्यासाठी वेगळ्या ठेवल्या आहेत.