गिल्बर्ट हिल डायनासोरच्या काळातली नाही, आणि तेच जास्त भारी आहे

दर पावसाळ्यात एक फॉरवर्ड फिरतो. अंधेरी वेस्टच्या गिल्बर्ट हिलचा ड्रोनवरून काढलेला फोटो, चारी बाजूंनी बिल्डिंगी, झोपड्या आणि मधेच तो काळा सुळका, वर गावदेवीचं मंदिर, आणि खाली मजकूर की ही टेकडी ६.६ कोटी वर्षं जुनी आहे, डायनासोर मेले तेव्हाची आहे आणि असा दगड अख्ख्या जगात फक्त तीन ठिकाणी आहे, बाकी दोन अमेरिकेत. शेवटी हात जोडलेले इमोजी. आता टेकडी भारीच आहे, ६१ मीटर उंच आहे, १९५२ पासून संरक्षित आहे, २००७ मध्ये महापालिकेने हेरिटेजचा ग्रेड दोन दर्जाही दिलाय, त्याबद्दल काही वाद नाही. पण त्या मजकुरातलं एकही विधान धड नाहीये.

'जगात तीनच' ही तर सरळ थाप आहे. गिल्बर्ट हिल म्हणजे बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या लाव्हा-दगडाच्या, उभ्या खांबांचा जुडगा, आणि असे दगडी खांब उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेला साधारण ४०,००० आहेत. इतक्या लांबही जायला नको, उडुपीजवळ मालपेला उतरून बोटीने सेंट मेरीज बेटांवर जा, तिथे खांबच खांब आहेत. आणि फॉरवर्डमध्ये अमेरिकेतल्या ज्या डेव्हिल्स टॉवरचं नाव असतं तो बेसॉल्टचा नाहीच मुळी, वेगळ्याच जातीच्या ज्वालामुखी दगडाचा आहे.

हे खांब कुणी तासलेले नसतात. लाव्हा साधारण अकराशे-बाराशे डिग्रीला बाहेर येतो, साचतो, घट्ट होतो, पण घट्ट झाल्यावरही तो भयंकर गरमच असतो आणि पुढे थंड होता होता आकसतो. आकसायला जागा नाही म्हणून तडकतो. मे महिन्यात तळं आटल्यावर चिखलाला पडतात तशाच पाच-सहा कोनांच्या भेगा, फक्त इथे त्या वरच्या कातडीपुरत्या राहत नाहीत, थंडी जसजशी आत शिरते तसतशी भेग तिच्यामागून आत जाते आणि लांबच लांब खांब सुटे होतात. भेग नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात जाते, म्हणून गिल्बर्ट हिलचे खांब उभे आहेत ह्याचाच अर्थ तो लाव्हा आडव्या पृष्ठभागाकडून थंड होत गेला. हळू थंड झाला तर खांब जाड आणि सरळ, पाणी पडून झटक्यात थंड झाला तर बारीक आणि वेडेवाकडे. दगड कसा निवला हे नुसतं बघून सांगता येतं, कुठलं मशीन लागत नाही.

आणि ही ट्रिक पृथ्वीपुरतीच नाही. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकॉनसन्स ऑर्बिटरवर हायराइज नावाचा कॅमेरा आहे, मंगळावरची टेबलाएवढी वस्तू सुद्धा त्याला कळते. त्याच्या फोटोंत मार्टे व्हॅलिस भागातल्या एका विवराच्या कडेला लाव्हाचे थर दिसले आणि त्या थरांत चक्क खांब, साधारण मीटरभर जाडीचे. २००९ मध्ये त्यावर रिसर्च पेपर आला. गंमत अशी की त्या खांबांची ठेवण बघून शास्त्रज्ञ म्हणाले की हा लाव्हा नुसत्या हवेत निवलेला वाटत नाही, तापलेल्या लाव्हावर पाणी आलं असावं. म्हणजे मंगळावर पाय न ठेवता, दगडाच्या भेगा बघून पाण्याचा माग काढला. त्या पेपरमागचं लॉजिक अंधेरीतल्या पोरांना गच्चीवरून शिकवता येईल, फक्त कुणी शिकवत नाही.

आता वय. इथे खरी मजा आहे.

काळा दगड बघून वय कळत नाही. माथेरानचा काळा, अजिंठ्याचा काळा, अंधेरीचाही काळा, सगळाच दख्खनचा लाव्हा, म्हणून सगळ्यांना एकच तारीख चिकटवून टाकतात. दख्खनच्या ह्या लाव्हाने आज जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर जमीन झाकलीय, महाराष्ट्रातल्या सह्याद्रीची अख्खी भिंत त्याचीच आहे, आणि त्यातला बराचसा माल ६.६ कोटी वर्षांच्या आगेमागे दहाएक लाख वर्षांत बाहेर पडला. त्याच सुमारास मेक्सिकोत अशनी आदळला आणि डायनासोर संपले. ही तारीख सह्याद्रीला बरोबर लागू होते. मुंबईला नाही.

वय मोजतात ते आर्गॉन वायूवरून. दगडात पोटॅशियम असतं, त्यातला एक किरणोत्सारी प्रकार फार फार सावकाश आर्गॉन होत राहतो, अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. लाव्हा पातळ असतो तेव्हा जुना आर्गॉन उडून जातो, घट्ट झाला की नवा आत अडकायला लागतो, म्हणजे घड्याळ शून्यावरून सुरू. मग दगडाचा नमुना अणुभट्टीत ठेवायचा, न्यूट्रॉनचा मारा करायचा, त्याने पोटॅशियमचाही थोडा भाग वेगळ्या आर्गॉनमध्ये बदलतो आणि एकाच वायूचे दोन प्रकार मोजून हिशोब लागतो. नमुना एकदम वितळवत नाहीत, टप्प्याटप्प्याने तापवतात आणि प्रत्येक टप्प्याच्या वायूचं वय वेगळं काढतात. बरेच टप्पे एकच आकडा बोलले तर विश्वास ठेवायचा. नाहीतर मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे कोटी वर्षांचा पाऊस आणि खारी हवा दगडाला आतून सडवते, तिथे आर्गॉन गळून गेलेला असतो आणि आकडे वाट्टेल तसे येतात.

आयआयटी मुंबईचे हेतू शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम गिल्बर्ट हिलवर केलं आणि २००१ मध्ये छापलं. वय आलं ६.०५ कोटी वर्षं, १२ लाख इकडे किंवा तिकडे. त्याच वर्षी त्यांनी मनोरी आणि साकीनाक्याच्या ट्रॅकाइटचीही वयं दिली, ६.०४ आणि ६.१८ कोटी, आणि ह्यात इकडेतिकडे फक्त ६ लाख. ट्रॅकाइट हा फिकट रंगाचा ज्वालामुखी दगड, त्यात पोटॅशियम बेसॉल्टपेक्षा खूप जास्त, म्हणून घड्याळ स्पष्ट वाचता येतं. नंतरच्या मोजमापात मुंबईच्या काही दगडांचं वय ६.२५ कोटीच्या आसपास आलं. कुठलाही आकडा घ्या, डायनासोर जाऊन ३०-४० लाख वर्षं तरी झाली होती. आपली अख्खी माणूसजात तीन लाख वर्षांची आहे म्हणजे हा काही किरकोळ फरक नाही. डायनासोरच हवे असतील तर चंद्रपूरकडे पिसदुराला जा.

मग तोपर्यंत बाकीचा दख्खन थंड पडलेला असताना मुंबईतच लाव्हा का येत होता? कारण इथे जमीन फाटत होती. आजचं सेशेल्स तेव्हा भारताच्या पश्चिम कडेला चिकटलेलं होतं आणि साधारण ह्याच काळात ते सुटलं आणि मधे अरबी समुद्राचा तळ तयार व्हायला लागला. सेशेल्सच्या सिल्हुएट नावाच्या बेटावरचे ज्वालामुखी खडक ६.३ कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत, म्हणजे मुंबईचे जवळजवळ जुळे. (मालपेच्या बेटांची गोष्टही अशीच, फक्त ते मादागास्कर सुटतानाचे, साधारण ८.८ कोटी वर्षांपूर्वीचे.) त्या फाटण्याच्या खुणा मुंबईत सगळीकडे आहेत. कर्जत लोकलने नेरळच्या आसपास खिडकीतून माथेरान बघा, लाव्हाचे पट्टे एकदम आडवे. तेच थर पनवेलच्या अलीकडे समुद्राकडे वाकायला लागतात आणि मुंबईत सगळे पश्चिमेला कललेले आहेत. ह्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. शिवाय मुंबईत पिलो लाव्हा सापडतो, गोलगोल फुगीर गठ्ठ्यांचा, तो पाण्यातच तयार होतो, सह्याद्रीत अशी भानगड फारशी नाही. आणि तो फिकट दगड, मालाड स्टोन, कुर्ला स्टोन, त्यानेच तर साहेबाने फोर्टातल्या इमारती उभ्या केल्या, राजाबाई टॉवर कुर्ला स्टोनचा आहे, गेटवे खारोडीच्या पिवळ्या दगडाचा. टुरिस्ट सेल्फी काढतात तो पण शेवटच्या ज्वालामुखींचाच माल.

पण मला स्वतःला ह्या सगळ्यात आवडतात ते बेडूक. एक लाव्हा येऊन गेला की दुसरा यायला हजारो वर्षं जायची, तेवढ्यात खळग्यांत पाणी साचायचं, तळी व्हायची, झाडं उगवायची, गाळ बसायचा, आणि मग वरून पुन्हा लाव्हा. असा दोन लाव्हांमधला गाळाचा थर वरळीच्या टेकडीत आहे. तिथे १८४०च्या दशकात जॉर्ज क्लार्क नावाच्या इंजिनिअरला, जो मुंबई-ठाणे रेल्वेच्या सर्व्हेसाठी आला होता, दगडाच्या पापुद्र्यांत छोट्या बेडकांचे सांगाडे मिळाले. ते लंडनला गेले आणि १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं रिचर्ड ओवेनने, ज्याने पाचच वर्षं आधी डायनासोर हे नाव ठेवलं होतं. आज त्या बेडकाला इंडोबॅट्राकस पुसिलस म्हणतात. त्याच थरात कासवंही मिळाली, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान शिंपलेवाले जलजीव मिळाले, लाकूड मिळालं. डायनासोर मात्र एकही नाही. नसणारच.

आणि बेडूक असणं हे वेळेला धरूनच आहे. २०१७ मध्ये जगभरच्या बेडकांच्या जनुकांवरून एक मोठा अभ्यास झाला, त्यात दिसलं की आजच्या बेडकांच्या ८८ टक्के जाती ज्या तीन घराण्यांतून आल्या ती तिन्ही डायनासोर संपल्यानंतरच फोफावली. म्हणजे वरळीच्या तळ्यात ही मंडळी टुणटुणत होती तेव्हा जगभर बेडकांना चांगले दिवस आले होते, शेजारी ज्वालामुखी असला तरी.

सेशेल्स तुटलं त्याचाही हिशोब बेडकांकडे आहे. २००३ मध्ये केरळच्या इडुक्कीतून बिजू आणि बोसॉय्ट ह्या दोन शास्त्रज्ञांनी एक जांभळा, फुगीर, टोकदार नाकाचा बेडूक जगासमोर आणला, नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस. वर्षभर जमिनीखाली वाळवी खाऊन राहतो आणि पावसाच्या तोंडावर थोडेच दिवस वर येतो. दिसायला अजिबात देखणा नाही. त्याच्या स्वतःच्या घराण्याबाहेरचे सगळ्यात जवळचे नातेवाईक भारतात नाहीतच, ते आहेत सेशेल्समध्ये, साडेचार-एक तासांच्या विमानप्रवासावर, आणि बेडूक काही खाऱ्या पाण्यातून पोहत गेलेला नाही, जमीनच त्याला घेऊन गेली. त्या सेशेल्सवाल्यांतला एक जेमतेम सेंटीमीटरभर असतो, त्याला मधला कानच नाही. मग ऐकतो कसा? तोंडाने. तोंडाची पोकळी आवाजाला घुमते आणि तो आतल्या कानापर्यंत पोचतो, हे २०१३ मध्ये एक्स-रे वगैरे काढून दाखवलं.

वरळीची टेकडी आता टॉवरांखाली गेलीय, त्यामुळे तो थर उघडा पडतो तो पाया खणतानाच. कुणी बांधकामाच्या लाईनमध्ये असाल आणि वरळी-मलबार हिलच्या पट्ट्यात काळ्या कातळाखाली पापुद्रे सुटणारा मऊ करडा-तपकिरी दगड लागला तर डंपर भरायच्या आधी चार पापुद्रे उलटून बघा. काही दिसलं तर शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, किती खोलीवर मिळालं ते लिहून ठेवा, आणि पवईच्या आयआयटीला किंवा झेवियर्सच्या जिऑलॉजीवाल्यांना मेल टाका. काम थांबवायला लागत नाही, दहा मिनिटं जातात.