कोंगो वाजवणाऱ्यांसाठी: हात, ठेका आणि मंचावरचा वावर

आमच्याकडे कोंगो (हातांनी वाजवायचा उंच, उभा ड्रम) घ्यायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हात ढोलकीवर, ढोलकवर नाहीतर तबल्यावर तयार झालेला असतो. कोणी ऑर्केस्ट्रात साथ करतं, कोणी भजनी मंडळातून आलेलं असतं, कोणाला कॉलेजच्या बँडबरोबर उभं राहायचं असतं. वाद्य घरी गेलं की थोड्याच दिवसांत दोन तक्रारी हमखास कानावर येतात: ‘स्लॅप (बोटांच्या टोकांची चापट) कडक निघत नाही’ आणि ‘मंचावर अवघडल्यासारखं होतं’. आमच्या मते या दोन्हींचं मूळ एकच आहे. हात ताठ असला की आवाज बसका येतो, आवाज बसका आला की नजर हातांवर खिळते, आणि मान खाली घालून वाजवणाऱ्याकडे समोरच्याचं लक्ष जात नाही. म्हणून आधी हाताबद्दल सविस्तर लिहितो, मग मंचाबद्दल.

विकत घेण्याआधी

कोंगो क्यूबाचा. तिथे त्याला तुंबादोरा म्हणतात आणि त्याचे तीन मुख्य आकार आहेत: क्विंटो साधारण ११ इंच, कोंगा पावणेबारा, तुंबा साडेबारा. आपल्याकडे काही वादक तिन्हींना सरसकट तुंबा म्हणतात, त्यामुळे ऑर्डर देताना इंचात सांगा. हात नवा असेल तर आमचा सल्ला एकच मधला कोंगा घ्या असा आहे. जोडीची घाई नको. एका कातड्यावर चार आवाज (ओपन, बास, बंद स्लॅप, खुला स्लॅप) वेगवेगळे निघाले की मग दुसरा घेण्यात अर्थ आहे.

हात

बसून वाजवताना ड्रम दोन्ही गुडघ्यांत धरून किंचित पुढे कलता ठेवा. आवाजाची घुमक खालच्या तोंडातून बाहेर पडते. ड्रम जमिनीवर, त्यातही जाड गालिच्यावर, सपाट ठेवला की बास दबतो. काठ एवढ्या उंचीवर हवा की खांदे न उचलता कोपरापासून पुढचा हात जवळजवळ आडवा राहील.

ओपन टोनसाठी, म्हणजे मोकळ्या, घुमणाऱ्या आवाजासाठी, चारही बोटं जुळवा, पण आवळू नका. बोटांच्या मुळाशी तळव्याची जी गादी असते ती काठावर यावी, बोटं पूर्ण लांबीने कातड्यावर पडावीत आणि पडताक्षणी उसळून वर यावीत. अंगठा वर ठेवा, काठावर आपटला तर तो आठवडाभर दुखतो. डग्ग्यावर मनगट टेकवून बोटांनी काम करायची सवय असलेल्यांना इथे जड जातं, कारण कोंगोवर हात टेकून राहत नाही, अख्खा उचलला जातो. बासची थाप त्या मानाने सोपी आहे: पूर्ण तळवा मध्यावर टाका आणि लगेच सोडा.

आता स्लॅप. ओपन आणि स्लॅप यांत हाताची जागा जवळपास तीच राहते, बदलतो तो पंजाचा आकार. पंजा जरासा खोलगट होतो, काठाला तळव्याचा स्पर्श होतो आणि बोटांची फक्त टोकं कातड्यावर येतात. ओला पंचा झटकला की त्याचं टोक वाजतं, तसा हा आवाज निघतो. जोर टोकात नसतो, मनगटाच्या सैलपणात असतो. बोटं कातड्यावर तशीच राहिली तर बंद स्लॅप, उसळली तर खुला. रियाज करताना स्लॅप आधी अगदी हळू आवाजात काढा. शेजारच्या खोलीत झोपलेल्याला जाग येणार नाही इतक्या हळू तो स्वच्छ निघाला, तर मोठ्याने आपोआप निघेल. उलट क्रमाने शिकणाऱ्यांची बोटं सुजलेली आम्ही नेहमी पाहतो.

क्यूबाचे कोंगोवादक टाटा गुइनेस (१९३०–२००८) नखांनीसुद्धा कातडं बोलतं करायचे. त्यांचं वादन मिळवून ऐका. ताकदीशिवाय किती काही होऊ शकतं ते लगेच कानाला कळतं.

वाजवायला बसताना अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. फार वेळ जोरात वाजवल्यावर लघवी लालसर झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आघातांनी रक्तपेशी फुटतात म्हणून असं होतं. असं दिसलं तर वादन थांबवून डॉक्टरांना दाखवा.

तुंबाव

कोंगोचा मूळ ठेका तुंबाव. आठ मात्रांत असा मोजा: डावी टाच, डावी बोटं, उजवा स्लॅप, डावी बोटं, डावी टाच, डावी बोटं, उजवा ओपन, उजवा ओपन. इथे ‘टाच’ म्हणजे तळव्याचा मनगटाकडचा भाग. डावा हात कातड्यावर मागेपुढे डुलत राहतो, जवळजवळ ऐकू न येणारा, पण लय सांभाळणारा.

केहरवाही आठ मात्रांचाच, त्यामुळे आपल्या वादकांना हे सोपं वाटतं आणि नेमकं तिथेच ते अडतात. केहरवा वाजवणारा समेवर येऊन विसावतो. तुंबावमध्ये पहिली मात्रा म्हणजे डाव्या हाताची हलकी टाच आहे. वजन पडतं सातव्या-आठव्या मात्रेच्या दोन ओपनवर, आणि ते वजन ठेक्याला पुढच्या आवर्तनात ढकलतं. सवयीने समेवर थाप दिलीत की ठेका जागच्या जागी बसतो, नाचणाऱ्याचे पाय अडखळतात. मेट्रोनोम साठवर लावा, पहिली मात्रा फक्त तोंडाने म्हणा आणि हात तिथे हलका राहू द्या. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. तो द्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

मंचावर

मंचावरचा वावर म्हणजे केस उडवणं किंवा हात डोक्यावर नेऊन आपटणं नव्हे. क्यूबातल्या हवाना आणि मातान्सासच्या रुंबा या नृत्य-संगीतात (युनेस्कोने २०१६ साली त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं) खालचे दोन ड्रम ठेका धरतात आणि क्विंटो बोलतो. क्विंटोवाल्याची नजर नाचणाऱ्याच्या पायांवर आणि खांद्यांवर असते. तो पाऊल टाकतो, हा उत्तर देतो. कधी हा छेडतो, तो झेलतो. लावणीच्या फडात ढोलकीवाला घुंगरांशी असाच बोलत असतो, त्यामुळे हे आपल्याला मुळीच परकं नाही. ज्याचं लक्ष दुसऱ्याकडे असतं तोच वादक लोकांना बघावासा वाटतो.

क्यूबाचे कोंगोवादक चानो पोझो १९४७ मध्ये न्यूयॉर्कला जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या ऑर्केस्ट्रात आले, तेव्हा त्यांना इंग्रजी जेमतेम येत होतं. पण ते हवानाचे नर्तक आणि गायकही होते, आणि ठेका त्यांच्या अख्ख्या अंगात होता. पुढच्याच वर्षी त्यांचा खून झाला. एवढ्या थोड्या काळात त्यांनी जॅझमध्ये कोंगोला कायमची जागा करून दिली.

घरी करण्यासारखा एक सराव सांगतो. तुंबाव चालू ठेवा आणि खिडकीबाहेर बघत घरातल्या कोणाशी तरी बोला. बोलताना ठेका मोडला तर तो अजून हातात बसलेला नाही. मग मोबाइल समोर ठेवून चित्रण करा आणि आवाज बंद करून बघा. आवळलेला जबडा, कानापर्यंत चढलेले खांदे, मिटलेले डोळे लगेच दिसतील. हे दोष चेहऱ्याचे वाटतात, पण हात सैल झाले की बहुतेक आपोआप जातात.

मंचावर अशा ठिकाणी बसा की गायकाचा चेहरा आणि बेस गिटार वाजवणाऱ्याचा हात दिसेल. ऑर्केस्ट्रात ढोलक, ऑक्टोपॅड आणि कोंगो एकाच मोकळ्या जागेसाठी भांडत असतात. तिथे मुखड्याला हात मांडीवर ठेवून थांबणारा कोंगोवाला अंतऱ्याला दुप्पट ऐकू येतो. दोन ड्रमना एकच माईक मिळाला तर तो दोघांच्या मध्ये, कातड्यांपासून वीतभर वर लावायला साउंडवाल्याला सांगा, आणि साउंड चेकला चारही आवाज वाजवून दाखवा.

कातड्याची निगा

पूर्वी क्यूबात कातडं खिळ्यांनी ठोकलेलं असे आणि आपल्याकडे हलगी शेकतात तसं ते जाळावर तापवून ताणत. आताचे नट-बोल्ट १९५०च्या आसपास आले. त्याचं श्रेय बहुधा क्यूबाचे कोंगोवादक पटाटो वाल्देस यांना देतात. या सोयीचा फायदा घ्या. वाजवून झालं की प्रत्येक नट सारखा सैल करा, वाजवण्याआधी सगळे थोडे थोडे फिरवत ताणा. एकच नट ओढत नेला तर रिंग वाकडी होते.

पावसाळ्यात कातडं सैल पडतं, एसी हॉलमध्ये सूर चढतो, म्हणून कार्यक्रमाच्या जागी अर्धा तास आधी पोहोचून वाद्य हवेला येऊ द्या. एप्रिल-मे महिन्यात बंद गाडीत ताणलेला कोंगो ठेवू नका, कातडं फाटतं. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांना आम्ही कातड्याऐवजी कृत्रिम हेडच (वरचा पडदा) सुचवतो. आवाजाची ऊब थोडी कमी, पण सूर टिकतो. कातडं बदलायला याल तेव्हा जुनी रिंग आणि पाना सोबत आणा. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं, आणि रिंग हातात असल्याशिवाय नवं कातडं नीट बसवता येत नाही.