चाललेली आगबोट आणि परवडलेली आगबोट

आगबोटीचा जनक म्हणून रॉबर्ट फुल्टनचं नाव घेतलं जातं. त्याची बोट १८०७ मध्ये अमेरिकेतल्या हडसन नदीत सुटली. पण त्याच्या सतरा वर्षं आधी, १७९० च्या उन्हाळ्यात, जॉन फिच या माणसाची आगबोट फिलाडेल्फियाहून डेलावेअर नदीत ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी उतारू घेऊन जात होती. त्या एका हंगामात तिने दोन हजारांहून जास्त मैल कापले. वेग तासाला सात-आठ मैल. तरीही धंदा बुडाला. तो का बुडाला, हे कळल्याशिवाय फुल्टनचं यश नीट कळत नाही.

फिच चांदीकाम आणि घड्याळदुरुस्ती करणारा कारागीर. वाफेची इंजिनं तेव्हा इंग्लंडात बनत आणि सरकार ती सहजासहजी देशाबाहेर जाऊ देत नसे. म्हणून हेन्री व्हॉइट या घड्याळजीला जोडीला घेऊन त्याने इंजिन स्वतःच घडवलं. ऑगस्ट १७८७ मध्ये त्यांची पहिली बोट डेलावेअरवर चालली, तेव्हा अमेरिकेची राज्यघटना लिहायला जमलेल्या प्रतिनिधींपैकी काहींनी ती पाहिली. दोन्ही बाजूंना सहा-सहा उभी वल्ही आणि ती ओढणारं इंजिन, अशी तिची रचना होती. १७९० च्या बोटीत वल्ही मागच्या बाजूला गेली.

त्या काळचं इंजिन कमी दाबाचं. सिलिंडरमधली वाफ वेगळ्या भांड्यात नेऊन थंड केली की तिचं पाणी होतं, दट्ट्याच्या एका बाजूला जवळजवळ निर्वात पोकळी होते आणि दुसऱ्या बाजूचा दाब त्याला ढकलतो. बॉयलर फुटायची भीती त्यामुळे कमी. पण दाब कमी असल्याने पुरेशी ताकद मिळवायला सिलिंडर मोठा लागतो, म्हणजे सगळं यंत्रच अवजड. जमिनीवर हे वजन खपून जातं, बोटीवर नाही. पॅरिसमध्ये १८०३ साली फुल्टनच्या बोटीचा सांगाडा यंत्राच्या भाराने मोडला आणि ती सीन नदीत बुडाली. त्याने मजबूत सांगाडा बांधून पुन्हा चाचणी घेतली.

फुल्टनचा खरा गुण मला त्याच्या हिशेबात दिसतो. पाण्याच्या विरोधाबद्दल मार्क बोफॉय या इंग्रजाने केलेल्या प्रयोगांचे आकडे त्याने अभ्यासले आणि त्यावरून बोटीचा आकार आणि इंजिनाची ताकद ठरवली. पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि लागणारी शक्ती घनाने. वेग दुप्पट हवा तर शक्ती जवळपास आठपट लागते. इंजिन त्याने इंग्लंडच्या बोल्टन आणि वॉट यांच्या कारखान्यातून, खास परवानगी मिळवून आणलं. १७ ऑगस्ट १८०७ रोजी बोट न्यूयॉर्कहून निघाली आणि ऑल्बनीपर्यंतचे १५० मैल तिने ३२ तासांत पार केले. म्हणजे तासाला पाच मैलांहूनही कमी. फिचची बोट हिच्यापेक्षा वेगवान होती!

फरक पडला तो मार्गाचा. डेलावेअरच्या काठाने चांगला सपाट रस्ता होता आणि त्यावर घोडागाड्या धावत. फिचच्या बोटीला उतारू मिळेनात. हडसनवर मात्र शिडाच्या गलबतांना वाऱ्याची वाट पाहावी लागे. ऑल्बनी गाठायला चार-चार दिवस जात. तिथे ३२ तास म्हणजे फारच थोडे. शिवाय फुल्टनचा भागीदार रॉबर्ट लिव्हिंगस्टन श्रीमंत आणि वजनदार. न्यूयॉर्क राज्याच्या पाण्यात आगबोटी चालवायचा मक्ताच त्याने मिळवला होता. तो मक्ता १८२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडला आणि भाडी उतरली. फिचला हे काहीच पाहायला मिळालं नाही. १७९८ मध्ये केंटकीत, पुरता खचलेल्या अवस्थेत, त्याने आयुष्य संपवलं. इतकं काम करून दाखवलेल्या माणसाचं नाव आज क्वचितच निघावं, याची खंत वाटते.

पुढे मिसिसिपीवर जास्त दाबाची, हलकी आणि स्वस्त इंजिनं आली. प्रवाहाविरुद्ध जाणं सोपं झालं, पण बॉयलरचे स्फोटही सुरू झाले.

मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मार्च १८३० मध्ये सुएझला निघाली, तेव्हा अडचण वेगळीच होती. तिच्यात जेमतेम साडेपाच दिवसांच्या कोळशाची जागा होती आणि पहिला मुक्काम, एडन, होता अकरा दिवसांवर. शेवटी मिळेल त्या कोपऱ्यात कोळसा भरून ती निघाली. सुएझला ती महिनाभराने पोहोचली, पण या प्रवासाला कोळशाचा खर्च इतका आला की ईस्ट इंडिया कंपनीचे लंडनमधले संचालक पुढच्या फेऱ्यांना राजी नव्हते.