मर्डेका स्टेडियम, क्वालालंपूर

मलेशियाची राजधानी क्वालालंपूर येथील ऐतिहासिक क्रीडागार. मलय भाषेत ‘मर्डेका’ म्हणजे स्वातंत्र्य. ब्रिटिश सत्तेखालील मलाया संघराज्य ३१ ऑगस्ट १९५७ रोजी स्वतंत्र झाल्याची घोषणा याच मैदानात झाली आणि त्या घोषणेसाठीच ते बांधले गेले. आधी खेळाचे मैदान आणि मग कधीतरी इतिहासाची नोंद, हा नेहमीचा क्रम इथे उलटा आहे.

१९५६च्या आरंभी लंडनमधील वाटाघाटींत स्वातंत्र्याचा निर्णय पक्का झाला. ब्रिटिश निशाण क्वालालंपूरच्या ब्रिटिशकालीन क्लबसमोरील पटांगणावर मध्यरात्री उतरवायचे होते. पण नव्या राष्ट्राचा जाहीर जन्म वसाहतीच्या सावलीत नव्हे, स्वतःच्या वास्तूत व्हावा, असा नियोजित पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान यांचा आग्रह होता. सार्वजनिक बांधकाम खात्यातील स्टॅन्ली ज्यूक्स यांनी आराखडा केला आणि सुमारे वर्षभरात काम उरकले. हाताशी वेळ आणि पैसा दोन्ही बेताचे असताना पूर्वताणित काँक्रीट (आतल्या पोलादी तारा ताणून मजबूत केलेले), प्रवेशद्वारांवरची पातळ कवचाकार छपरे आणि उंच प्रकाशमनोरे अशी त्या काळी धाडसी वाटणारी रचना त्यांनी निवडली. क्षमता सुमारे २०,००० प्रेक्षकांची होती.

३१ ऑगस्टच्या सकाळी मलय राज्यांचे सुलतान आणि राणी एलिझाबेथचे प्रतिनिधी ड्यूक ऑफ ग्लॉस्टर यांच्या उपस्थितीत तुंकूंनी घोषणापत्र वाचले आणि हात उंचावून सात वेळा ‘मर्डेका!’ अशी आरोळी दिली. प्रत्येक आरोळीला सारे मैदान साद देत होते. सप्टेंबर १९६३ मध्ये सिंगापूर, सारावाक आणि सबा यांना सामावून घेणाऱ्या मलेशियाच्या स्थापनेचा सोहळाही इथेच झाला. त्यातून सिंगापूर दोनच वर्षांत बाहेर पडले.

तुंकू फुटबॉलचे निस्सीम चाहते होते. १९५७ मध्येच मर्डेका चषक स्पर्धा सुरू झाली आणि पुढची अनेक वर्षे ती आशियाई फुटबॉलचे मानाचे व्यासपीठ ठरली. भारत १९५९ व १९६४ साली तिचा उपविजेता होता. भारतीय क्रीडारसिकाला मात्र हे मैदान आठवते ते हॉकीसाठी. १५ मार्च १९७५ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अजितपाल सिंग यांच्या संघाने पाकिस्तानला २-१ असे हरवले. सुरजीत सिंगने बरोबरी साधली, अशोक कुमारने विजयी गोल केला. भारतीय पुरुषांचे ते आजवरचे एकमेव हॉकी विश्वविजेतेपद. त्याच वर्षी मुहम्मद अली आणि जो बगनर यांची मुष्टियुद्धाची लढतही इथे रंगली.

वाढत्या गर्दीसाठी जादा सज्जे चढवून क्षमता ४०,०००च्या वर नेण्यात आली आणि मूळचा सुटसुटीत आकार हरवला. १९९८च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बुकित जलील येथे नवे राष्ट्रीय क्रीडागार उभे राहिले. ते बांधून देण्याच्या व्यवहारात मर्डेकाची जागा एका बांधकाम कंपनीकडे गेली आणि तिथे व्यापारी संकुल उभारायचे ठरले. ते बारगळले ते १९९७च्या आशियाई आर्थिक संकटामुळे. राष्ट्राची जन्मजागा मंदीमुळे वाचावी, ही वारसा जपणाऱ्यांनी विसरू नये अशी गोष्ट आहे.

२००३ मध्ये वास्तूला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. पुढे नंतरचे सज्जे पाडून तिला १९५७चे रूप परत देण्यात आले. या कामाला २००८ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा जतन पुरस्कार मिळाला. १९७५चे प्रेक्षक ज्या सज्जांत बसले होते, ते यात गेले. हा तोटा खरा आहे. तरीही जी वास्तू एका सकाळीसाठी बांधली गेली, तिच्यासाठी त्या सकाळचे रूप निवडणे योग्यच होते. आता तिच्या शेजारी ६७८.९ मीटर उंचीचा मर्डेका ११८ हा मनोरा उभा असून दोन्हींची मालकी एकाच सरकारी गुंतवणूक संस्थेकडे आहे.