शेणातली अंडी: जंतांच्या ओळखीमागचा इतिहास

पावसाळा सरत आला की इंदूरच्या आसपास गाई-म्हशींना जंताचं औषध पाजायची एकच घाई उडते. आधी शेण तपासून घेणारे मात्र थोडे, आणि याचं फार वाईट वाटतं, कारण ही तपासणी हाती यायला शतकं लागली आहेत.

मेंढीच्या यकृतातल्या चपट्या जंताची नोंद फ्रान्समधल्या जेहान द ब्रीनं १३७९ मध्येच केली होती. दोष त्यानं दिला एका पाणथळ वनस्पतीला. खरी वाट सापडली पाचशे वर्षांनी. जर्मनीतला लॉयकार्ट आणि इंग्लंडमधला थॉमस या शास्त्रज्ञांनी १८८१ ते १८८३ या काळात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ती दाखवून दिली: अंडं पाण्यात फुटतं, अळी पाणगोगलगाईत वाढते, बाहेर पडून गवताला चिकटते आणि चाऱ्यातून जनावराच्या पोटात जाते. आपल्याकडच्या म्हशींत याच जंताचा मोठा भाऊबंद, फॅसिओला जायगँटिका, जास्त दिसतो.

याचं अंडं जड. शेण पाण्यात कालवून गाळायचं, निवळू द्यायचं, वरचं पाणी ओतून टाकायचं. तळच्या गाळात मिथिलीन ब्ल्यूचा थेंब टाकला की निळ्यात पिवळंधमक, एका टोकाला झाकण असलेलं अंडं उठून दिसतं. पोटातल्या अँफिस्टोम जंताचं अंडंही असंच झाकणाचं, पण रंगहीन. नवखा इथेच फसतो.

गोल जंतांची अंडी हलकी. विलिसनं १९२१ मध्ये ती मिठाच्या संपृक्त द्रावणात तरंगवून काचेवर टिपायची रीत मांडली. रेडकांतल्या टॉक्सोकारा या गोल जंताच्या अंड्याचं जाड, खडबडीत कवच त्यात चटकन ओळखू येतं. पुढे १९३९ मध्ये सिडनीच्या मॅकमास्टर प्रयोगशाळेत गॉर्डन आणि व्हिटलॉक यांनी रेघा आखलेली काच वापरून एका ग्रॅममागे किती अंडी, हे मोजायची सोय केली.

१९६१ मध्ये थायाबेंडाझोल हे जंताचं औषध आलं आणि मोजणी मागे पडली. १९६४ पर्यंत मेंढ्यांतला हिमॉन्कस हा गोल जंत त्याला दाद देईनासा झाल्याच्या नोंदी आल्या. म्हणून औषधापूर्वी आणि नंतर दहा-चौदा दिवसांनी अंडी मोजणं हीच औषध लागू पडलं की नाही याची सर्वात सोपी परीक्षा आहे.

महूला १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे हे शास्त्र इंदूरच्या दारातच आहे. नमुना ताजा न्या. आणि यकृतातला जंत अंडी घालू लागायला तीन महिन्यांहून जास्त लागतात. तोवर तो यकृत पोखरत असला तरी शेण स्वच्छच दिसतं. म्हणून जनावर तलावाकाठी कधीपासून चरतंय, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.