संततिनियमन केंद्र, मुंबई

नको असलेली गर्भधारणा टाळण्यासाठी सल्ला व साधने पुरविणारे केंद्र. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनी ते पत्नी मालतीबाईंच्या पाठिंब्याने मुंबईत सुरू केले. स्थापनेचे वर्ष सर्वसाधारणपणे १९२१ मानतात.

लंडनमधील मेरी स्टोप्स यांचे चिकित्सालय १७ मार्च १९२१ रोजी उघडले. त्यामुळे या दोहोंत आधीचे कोणते, ही चर्चा अनेकदा होते. परंतु अ‍ॅम्स्टरडॅममध्ये आलेटा याकोब्ज यांनी १८८२ च्या सुमारास आणि न्यूयॉर्कमध्ये मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये हे काम आरंभिले होते, हे ध्यानात घेता पहिले केंद्र कोणते हा वाद उरतो तो भारतापुरताच. कर्वे वैद्यक व्यावसायिक नव्हते. म्हणून ‘केंद्र’ या संज्ञेत डॉक्टरी तपासणी अनिवार्य धरल्यास म्हैसूर संस्थानाने १९३० मध्ये उघडलेल्या सरकारी चिकित्सालयांचा विचार आधी करावा लागेल. गर्भनिरोधनाचे ज्ञान व साधने स्त्रियांच्या हाती देणे हाच निकष मानला, तर मान कर्व्यांकडे जातो, आणि हेच मत अधिक ग्राह्य वाटते.

कर्व्यांची भूमिका लोकसंख्येच्या आकड्यांपुरती नव्हती. गर्भधारणेच्या धास्तीविना कामसुख घेण्याचा हक्क पुरुषाइतकाच स्त्रीलाही आहे, असे ते उघडपणे लिहीत. या प्रचारापायी त्यांना विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून अखेरपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्यातील मजकुरावरून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते, मात्र निकाल विरुद्ध गेला.

पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारने पुरवाव्यात असा ठराव पी. जे. रोहम यांनी मांडला. त्यावरील भाषण आंबेडकरांनी तयार केले होते. प्रसूतीच्या वेणा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून अधिक अपत्यास कोणीही तयार झाला नसता, असा रोखठोक युक्तिवाद त्यात आहे. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी फेटाळला गेला. पुण्यात शकुंतला परांजपे यांनी हेच कार्य नेटाने पुढे नेले.

भारत सरकारचा कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला, पण त्याचा भर प्रामुख्याने लोकसंख्येवर राहिला. गर्भपातास १९७१ च्या कायद्याने सशर्त मान्यता मिळाली. २०२१ च्या दुरुस्तीने ठराविक गटांतील स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा लाभ अविवाहित स्त्रियांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले.